दोन झटके

आबा, तुम्हाला जाऊन आज चौदा दिवस झाले. अंगणातल्या निंबाखाली तुमची खाट अजून तशीच आहे. कोणी बसत नाही तिच्यावर. परवा एक कुत्रं चढून बसलं. मी दगड उचलला, तर कुंकू पुसलेल्या अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बारकू. त्याले तरी बसू दे." मी दगड टाकला आणि उगाच सोनगीरच्या किल्ल्याकडे बघत राहिलो.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे मला चांगलं माहीत आहे. कोणाची चिठ्ठी आली की तुम्ही ती आधी स्वतः गंभीर चेहरा करून बघायचात, मग माझ्याकडे द्यायचात. "अक्षर बेकार शे. तू वाच." इतक्या वर्षांत चांगलं अक्षर एकाचंही निघालं नाही. तरी मी लिहितोय. तोंडाने सांगायला सहा वर्षं होती आणि ती मी मूग गिळून घालवली. नशिराबादच्या चिंचेवरून तुम्ही पडलात तेव्हा खाली दोर माझ्या हातात होता, एवढं सगळ्या गावाला ठाऊक आहे. बाकीचं ठाऊक नाही. ते सांगायलाच बसलोय, पण एकदम जमत नाही. मला जरा फिरून येऊ द्या.

आपली गाठ धुळ्याच्या बसस्टँडवर पडली होती. तुमची कुऱ्हाड गोणपाटात गुंडाळलेली, पण दांडा बाहेर, आणि कंडक्टर तुम्हाला गाडीत घेईना. "हत्यार घेऊन चढायचं नाही," तो म्हणाला. तुम्ही म्हणालात, "मंग मी काय दातवरी झाड तोडू?" रांगेतली माणसं हसली, कंडक्टर आणखी चिडला. मी मॅट्रिक होऊन दोन वर्षं नोकरीसाठी चपला झिजवत होतो. कागद आणि माणसं दोन्ही हाताळायची सवय लागली होती. मी कंडक्टरला दादा-बाबा करून कुऱ्हाड टपावर चढवली. गाडीत तुम्ही मला शेजारी बसवून विचारलंत, "बोलाले हुशार शे तू. दोर धरता येस का?"

मी म्हणालो, येतो. आबा, ते खोटं होतं. बैलाचं दावंसुद्धा मी कधी धरलेलं नव्हतं.

मग आपण जोडीने हिंडलो. धुळ्यापासून यावलपर्यंत ज्याच्या कौलांवर फांदी आली, ज्याच्या विहिरीत पाला पडायला लागला, ज्याच्या घरात लग्न निघालं आणि मांडवाला जागा हवी झाली, तो आपल्याला बोलावायचा. मधली काही वर्षं तर नुसत्या टीव्हीने आपल्याला जगवलं. अँटेनाच्या आड फांदी येते, टीव्हीवर मुंग्या दिसतात, म्हणून लोक शंभर वर्षांच्या झाडाचा हात कापायला सांगायचे. तुम्ही फांदी कापायचात, खाली उतरायचात, घरात डोकावायचात. मुंग्या तशाच. तुम्ही मालकाला म्हणायचात, "झाडना काही दोष नव्हता भाऊ." पण म्हणायचात ते काम झाल्यावर.

गावातले लोक तुम्हाला चिडवायचे, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. झाडांमध्ये जन्म काढला आणि झाडांवरच उठला, असं. तुम्ही हसायचात. तुम्हाला ते लागत नव्हतं, कारण तुमचं झाडांशी आधीच बोलणं झालेलं असायचं. काम आदल्या दिवशी संध्याकाळी बघायला जायचं, बुंध्याला हळदकुंकू लावायचं, कुऱ्हाडीचा दांडा तीनदा टेकवायचा आणि सांगायचं, उद्या येतो. घरटं दिसलं तर पिलं उडेपर्यंत काम पुढे. मालक वैतागून दुसरा माणूस बघायचा, आपण रिकाम्या हाताने परत यायचो, पण न सांगता कुऱ्हाड तुम्ही कधी उगारली नाही. आमच्या घरातून हळदकुंकू माझ्या आजोबांनी बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हाच गेलेलं. तुम्ही मला कधी लाव म्हणाला नाहीत. "तू नुसतं सांग," म्हणायचात, "सांगानं महत्त्वानं शे." मी बुंध्याला हात लावून सांगायचो. पहिल्यांदा लाज वाटली होती. नंतर सवय झाली, आणि आता एकटा असलो तरी सांगतो.

तुम्ही वर, मी खाली. तुमच्या कमरेला दोर, तो वरच्या बेचक्यातून येऊन खाली माझ्याकडे. बुंध्याला दोन वेढे आणि शेपूट माझ्या हातात. वर कुऱ्हाड चालली की हाक ऐकू येत नाही, म्हणून आपली भाषा झटक्यांची होती. एक झटका म्हणजे सैल सोड. दोन झटके म्हणजे धर. दोन आले की मी दोर आवळायचो आणि तुम्ही सगळा भार त्या दोरावर टाकून बारीक फांदीकडे वाकायचात. खाली न बघता. मला त्याचं फार कौतुक वाटायचं आणि भीतीही. एक माणूस आपल्याकडे न बघता आपल्यावर रेलतो, हे माझ्याबाबतीत आधी कधी घडलं नव्हतं, घरीसुद्धा नाही.

आणि मग आपलं ते दोराचं भांडण.

तुम्ही अंबाडीचा दोर स्वतः वळायचात, कामाआधी भिजवायचात, पीळ उलगडून आतून कुजलाय का ते बघायचात. भिजला की त्याचं वजन असं व्हायचं, की बसस्टँडपासून खांद्यावर वाहून वाहून माझा एक खांदा खाली आला. हायवेवर ट्रकवाल्यांच्या दुकानात निळा-पिवळा नायलॉन टांगलेला मी रोज बघत होतो. हलका, न कुजणारा. शेवटी तुम्हाला न विचारता आणला. तुम्ही तो हातात घेतलात, ओढून बघितलात आणि तोंड वाकडं केलंत.

"हाऊ ताणाई जास," तुम्ही म्हणालात. "मी वरे झटका दिधा ते तुले खाले समजाव नही. या दोरले जीभ नही शे, बारकू."

"तुमचा दोर एक दिवस आतून सडून तुटेल, तेव्हा त्याची जीभ काय करायची?" मी म्हणालो.

"तुटी ते तुटी. पन खोटं बोलाव नही."

आठ दिवस हा वाद चालला. मग लाईनमनच्या पट्ट्यावरून झाला, तेव्हा तुम्ही म्हणालात, पट्टा बैलले बांधतस, मानूसले नही. मग बुटांवरून. माझं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असायचं आणि ऐकायचं मात्र तुमचं, असा आपला रिवाज. फक्त दोराचं तुम्ही ऐकलंत. माझा खांदा बघून ऐकलंत, हे मला अक्कांनी नंतर सांगितलं. तुम्ही मला सांगितलं होतं, "चाल, बघू तुना नायलॉन."

तीन वर्षं तो दोर चांगला चालला, आबा. ताण खायचा हे खरं, पण मी हात सवयीचा केला होता. झटका बारीक यायचा, पण यायचा. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली.

नशिराबादला त्या घरामागची चिंच, पत्र्याच्या छपरावर आलेली. मे महिना, सकाळचे दहा वाजलेले आणि पत्र्यावर हात ठेवता येत नव्हता. आदल्या दिवशी सांगून आलो होतो. कुठे काही चुकलं नव्हतं. तुम्ही वर गेलात, दोन फांद्या उतरल्या. मी बुंध्याला दोनऐवजी एकच वेढा ठेवला होता, कारण तुम्ही सारखे जागा बदलत होतात आणि सोड-आवळ करून माझे हात भरून आले होते. तेवढ्यात घरातली बाई चहा घेऊन आली. कपबशीत. आपल्याला बहुतेक ठिकाणी पेल्यात मिळायचा, काही ठिकाणी मला वेगळ्या पेल्यात. ते तुम्हाला दिसायचं आणि मग तुम्ही तिथला चहा घ्यायचाच नाहीत. इथे चांगली फुलांची कपबशी आली. मला बरं वाटलं. नको म्हणवेना. दोर डाव्या हातात ठेवून मी कपबशी उजव्या हातात घेतली.

पुढचं सगळ्यांनी बघितलं. दोर डाव्या हातातून सर्रकन गेला. पंधरा-वीस फूट. दोर घासत गेला म्हणून तुमचा जीव वाचला. खाली आलात ते कमरेवर. तुमचा आवाज आला नाही, पाल्याचाच आला. माणसं धावली, टेम्पो आणला, मी रडत होतो, माझ्या डाव्या तळहाताची कातडी निघाली होती. धुळीत फुटलेल्या कपबशीचे तुकडे त्या बाईने एकेक करून पदरात वेचले. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत गेली. तिचं नावही मला माहीत नाही, पण या सहा वर्षांत मी सर्वात जास्त कोणाला घाबरलो असेन तर तिला.

जळगावच्या दवाखान्यात लोकांनी विचारलं, झालं कसं? माझ्या तोंडातून निघालं, "नायलॉन ताणला. झटका खाली आलाच नाही." तुमचंच म्हणणं मी उचललं, आबा. आठ दिवस ज्याच्याशी भांडलो ते. आणि शिवाय मान खाली घालून म्हणालो, आबा सांगत होते, मी ऐकलं नाही. लोकांना माझी दया आली. कातडी सोलेपर्यंत पोराने दोर सोडला नाही, असं माझं नाव झालं. बत्तीस वर्षांच्या माणसाला पोर म्हणून पाठीवरून हात फिरवले.

तुम्ही शुद्धीवर आलात तेव्हा माझे दोन्ही हात हातात घेतलेत. आधी डावा बघितलात. मग उजवा उलटा करून बघितलात. उजव्याला ओरखडासुद्धा नव्हता. दोर दोन्ही हातांत असता तर दोन्ही सोलले असते, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको होतं. तुम्ही हात परत चादरीवर ठेवलेत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "दोर चांगला शे. मना पाय सरकना."

त्यानंतर सहा वर्षं आपण उलटे भांडलो. मी म्हणायचो, आबा, तुमचंच खरं, अंबाडीला तोड नाही. तुम्ही खाटेवरून म्हणायचात, "नही रे, नायलॉन चांगला शे. हलका शे. कुजत नही." लोकांना मजा वाटायची. म्हाताऱ्याने हट्ट सोडला आणि बारकूने धरला, म्हणायचे. मी अंबाडीची बाजू घेत होतो, कारण नायलॉन गुन्हेगार राहिला तर मी सुटत होतो. तुम्ही नायलॉनची का घेत होता, हे तेव्हा मला कळलं नाही. म्हणजे कळत होतं, पण मी तिकडे बघत नव्हतो.

तुमची कंबर पुन्हा जुळली नाही. तुम्ही झाडावर चढला नाहीत. लघवीला जायलाही अक्कांचा खांदा लागायचा. ज्या माणसाला सोनगीरपासून भुसावळपर्यंत प्रत्येक मोठं झाड वरून माहीत होतं, त्याने एका निंबाचं बूड बघत सहा वर्षं काढली. तुम्ही कधी कण्हला नाहीत, म्हणून मला यायला सोपं गेलं. हेही माझंच.

मी वर चढायला लागलो. लोक म्हणाले, गुरूचं काम शिष्याने उचललं. आबा, खाली उभं राहायची माझी छाती राहिली नव्हती, एवढंच. दुसऱ्याचा जीव हातात धरण्यापेक्षा आपला टांगलेला बरा. पुढे मी पेट्रोलवर चालणारी करवतही घेतली. तिचा आवाज तुम्हाला ऐकवायला अंगणात सुरू केली तेव्हा तुम्ही कान झाकून म्हणालात, "झाडले सांगाले वेळच ऱ्हायना नही." मी खाली मेहुण्याला उभा केला.

गेल्या वर्षी यावलला केळीच्या बागेच्या बांधावर एक वाळका आंबा उतरवत होतो. वर, शेंड्याजवळ. सहज खाली बघितलं. मेहुणा तांब्याने पाणी पीत होता, दोर एका हातात. मला तांब्याचा काठ दिसला. त्याच्या मनगटातला दोरा दिसला. पाण्याचा थेंब हनुवटीवरून गळाला तोही दिसला. तुम्ही नेहमी म्हणायचात, वरथून बठ्ठं दिसस, वरून सगळं दिसतं. मला वाटायचं, किल्ला, तापी, केळीच्या बागा असं म्हणताय. मी फांदीला मिठी मारून तसाच बसून राहिलो. उतरल्यावर मेहुण्याच्या कानाखाली मारली. तीन माणसांसमोर.

तुमच्याकडे येऊन तेच सांगितलं. तावातावाने. जीव टांगलेला असताना हा पाणी पितो, याला माणूस म्हणायचं का, वगैरे. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "रागे भरू नको, बारकू. मानूसले तहान लागस."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण अक्का बाहेर आल्या आणि मी मेहुण्याचंच पुढे बोलत राहिलो. ते शेवटचं निवांत बोलणं. पौषात तुमची छाती भरली आणि मी आलो तेव्हा तुम्ही बोलायच्या पलीकडे गेला होता. तुमचा हात हातात घेतला, तर बोटं दोनदा आवळली गेली. आधी एकदा, मग एकदा. ते झटके होते की नुसता श्वासाचा त्रास, हे मला आता कोण सांगणार? मी धरून ठेवलं. पहाटेपर्यंत धरून ठेवलं, आबा, या वेळी दोन्ही हातांनी. उपयोग काही झाला नाही.

काल अक्कांनी मला तुमचा अंबाडीचा दोर दिला. माळ्यावर होता, उंदरांनी खाल्लेला. मग चहा आणून पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "तुले एक सांगू का बारकू? कधी सांगं नव्हतं. ते पडनात ना, त्या दिवशी मी जळगावले दवाखानामा ऊनू. माले पाहीसन पह्यलं काय बोलनात, माहीत शे? म्हणे, बारकूले चहा दे. त्याना चहा ऱ्हाई गया."

अक्का पदराने डोळे पुसत होत्या. "माले वाटनं, दुखामुळे बडबडतस. मानूस मराले टेकेल शे आनी त्याले तुना चहानी पडेल."

त्यांना अजून समजलेलं नाही. मी कप उचलला आणि तो मला पिववेना, खाली ठेववेना.

आबा, तुम्ही वरून बघितलं होतं. वाकायच्या आधी तुम्ही त्या दिवशी खाली बघितलंत. मग माझा एक हात रिकामा नाही हे दिसूनही तुम्ही रेललात का? की रेलून झाल्यावर दिसलं? हे एक मला तुम्हाला विचारायचं होतं. ते आता राहिलं.

पण माझं सांगणं राहू देत नाही. आदल्या दिवशी सांगायचं, न सांगता उगारायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून आज तुम्हाला सांगतो, उद्या सकाळी अक्कांना सांगेन. मग त्यांनी मला या अंगणात पुन्हा उभं करायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं.

नायलॉनला जीभ होती, आबा. तुमचे दोन्ही झटके मला कळले होते. कपबशी चांगली होती, फुटेल म्हणून मी ती ठेवायला जागा शोधत होतो.